जुन्या गाडीच्या डीलरकडून इंजिनाच्या कामाचे पैसे वसूल झाले: गॅरेज ते ग्राहक आयोग

सेकंड हँड गाडी घेतली, महिन्याच्या आत इंजिनाचं काम निघालं आणि डीलरने हात वर केले, अशी प्रकरणं आपल्याकडे पैशाला पासरी सापडतील. त्यातून पैसे परत मिळाल्याचं मात्र क्वचितच ऐकायला मिळतं, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे. माझा एकूण खर्च ४७,५०० रुपये झाला होता. त्यातले ४४,२५० रुपये डीलरकडून परत मिळाले, जिल्हा ग्राहक आयोगातल्या मध्यस्थीत आणि वकील न लावता. गाडी विकणारा डीलर, ती दुरुस्त करणारं गॅरेज आणि ग्राहक तक्रारीची यंत्रणा या तिघांबद्दल इथे माझं मत देते आहे. तिघांत सगळ्यात जास्त श्रेय मी गॅरेजला देईन. या वसुलीचा निकाल माझ्या मते तिथेच लागला, आणि तोही इंजिन खोलायच्या आधी.

डीलर पुण्याचा, आम्ही सातारा जिल्ह्यातले. मी शिक्षिका आहे. शाळा आडबाजूला, एसटीच्या वेळा जुळत नाहीत, म्हणून छोटी पेट्रोल गाडी हवी होती. गाडी सात वर्षांची, एकाच मालकाची, सौदा ३,८५,००० ला ठरला. डीलरने स्वतःच्या लेटरहेडवर तपासणीचा तक्ता दिला. त्यात इंजिन, कूलिंग, गिअरबॉक्स अशा प्रत्येक रकान्यापुढे 'ओके' आणि खाली त्यांच्या माणसाची सही. व्यवहाराच्या आदल्या संध्याकाळी मी व्हॉट्सअ‍ॅपवर थेट विचारलं होतं, "इंजिनाचं काही काम झालंय का? गाडी गरम होते का?" उत्तर आलं, "मॅडम इंजिन एकदम टकाटक, एक रुपयाचं काम नाही." हे एक वाक्य पुढे फार उपयोगी पडलं.

दुसऱ्याच आठवड्यात पुण्याहून परतताना खंबाटकी घाट चढत असताना तापमानाचा लाल दिवा लागला. गाडी लगेच कडेला घेऊन बंद केली. बॉनेटच्या फटीतून वाफ येत होती. तिथून गाडी टोचन करून गावातल्या गॅरेजात आणली. डिलिव्हरीच्या कागदावर ६१,२४० किलोमीटर लिहिले होते, गॅरेजात आली तेव्हा मीटरवर ६१,८०२ होते. म्हणजे माझ्या हातात गाडी ५६२ किलोमीटर चालली.

आता गॅरेजबद्दल. आमचे मिस्त्री वयस्कर आहेत, बोलायला तुटक, पण त्यांच्या हाताखाली काम शिकलेली मुलं आज जिल्हाभर गॅरेज चालवतात. त्यांनी ऑइल भरायचं झाकण उघडून आतली बाजू माझ्यापुढे धरली. तिथे दुधाच्या सायीसारखा पिवळसर पांढरा थर होता. ऑइलमध्ये पाणी गेलं की असा फेस धरतो. कूलंटच्या टाकीत बोट घातलं तर बोटाला तपकिरी गाळ लागला आणि त्यात चमकणारी बारीक कणी. ती कणी पाहून ते म्हणाले, "ही लीक बंद करायची पावडर आहे. रेडिएटरमध्ये टाकतात. चार दिवस गळती थांबते, गाडी विकून होते." पुढे त्यांनी दोन तपासण्या केल्या. एक कॉम्प्रेशनची, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबाची, त्यात शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी दाखवत होते. दुसरी, कूलंटच्या टाकीवर नळी बसवून त्यातल्या निळ्या द्रवातून हवा ओढायची. इंजिनात जळलेला वायू कूलंटमध्ये घुसत असेल तर तो निळा द्रव पिवळा पडतो. आमचा पडला. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिन आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील, गेलं होतं यात काही शंका उरली नाही.

इथे दुसऱ्या कुणी हेड उतरवून कामाला सुरुवात केली असती. मिस्त्रींनी पाना खाली ठेवला. "ताई, आत्ता खोलत नाही. आधी त्यांना लेखी कळवा, माणूस पाठवा म्हणावं. एकदा खोललं की म्हणतील तुम्हीच बिघडवलं." गाडी तशीच झाकून एका कोपऱ्यात लावून ठेवली. त्यांच्याकडे जागेची अडचण होती, तरी त्या काळाचं भाडं घेतलं नाही.

मी डीलरला ईमेल पाठवला आणि त्याचीच प्रत स्पीड पोस्टाने. मजकूर साधा होता. गाडी अमुक ठिकाणी बंद पडली, प्राथमिक तपासणीत हेड गॅस्केट गेल्याचं दिसतं, इंजिन अजून खोललेलं नाही, सात दिवसांत तुमचा माणूस पाठवून आमच्यासमक्ष तपासा. न आल्यास गाडी रोजच्या गरजेची असल्यामुळे मी दुरुस्ती करून घेईन आणि खर्च तुमच्याकडून मागेन. सोबत फोटो. फोटोंत मीटर, नंबर प्लेट आणि त्या दिवशीचं वर्तमानपत्र एकत्र येईल अशी काळजी घेतली. डीलरकडून फोन आला, "मॅडम, गाडी आमच्या वर्कशॉपला घेऊन या, बघू." मी ईमेलनेच उत्तर दिलं की गाडी चालत नाही, टोचनचा जाण्या-येण्याचा खर्च तुम्ही करणार असाल तर लेखी कळवा, पाठवते. त्याला उत्तर आलं नाही, माणूसही आला नाही.

मुदत उलटल्यावर शेजारच्या गावच्या दुसऱ्या एका गॅरेजवाल्याला साक्षीला बसवून हेड उतरवलं, मोबाइलवर पूर्ण चित्रीकरण केलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधली गॅस्केटची पट्टी जळून तुटलेली. हेडवर सरळ पट्टी आडवी ठेवून खालून फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवलं, तर मध्यभागी कागद आरामात जावा एवढी फट. म्हणजे हेड तापून वाकलेलं. थर्मोस्टॅटच्या (कूलंटचा प्रवाह उघडबंद करणाऱ्या झडपेच्या) तोंडाशी त्याच पावडरीचा गोळा घट्ट बसलेला. शिवाय हेडच्या कडेला हाताने लावलेला सिलिकॉन दिसला, जो कंपनीतून येत नाही. हे हेड पूर्वी कुणीतरी खोललं होतं.

जुना गॅस्केट, थर्मोस्टॅट आणि गाळाने भरलेला रेडिएटर मिस्त्रींनी एका खोक्यात भरले, वर गाडीचा नंबर आणि तारीख लिहून माझ्या ताब्यात दिले. दोन्ही मिस्त्रींनी आपापल्या लेटरहेडवर काय दिसलं ते लिहून सही केली. मत काय आहे ते शेवटी, आधी फक्त काय दिसलं आणि मोजलं ते. जुने भाग भंगारात टाकू नका, हे मी प्रत्येकाला सांगेन. आमच्या प्रकरणात हे खोकं डीलरच्या वकिलासमोर उघडलं गेलं आणि तिथपासून त्यांच्या बोलण्याचा सूर बदलला.

आणखी एक कागद निर्णायक ठरला. गाडी आता माझ्या नावावर असल्याने कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून मी जुन्या नोंदींची प्रत मागितली. डीलरने गाडी ताब्यात घेण्याच्या थोडं आधीची एक नोंद होती: कूलंट कमी होण्याची तक्रार, हेड गॅस्केट तपासण्याचा सल्ला, ग्राहकाने काम पुढे ढकललं. दोष विक्रीच्या आधीचा होता हे सिद्ध करायला याहून चांगला पुरावा मिळणं अवघड. तपासणीच्या तक्त्यात 'कूलिंग: ओके' लिहिणाऱ्याला ही नोंद एका फोनवर मिळाली असती.

बिलाच्या बाबतीत मी फार काटेकोर राहिले. गॅरेजचं पक्कं, जीएसटीचं बिल घेतलं, प्रत्येक गोष्ट वेगळ्या ओळीत: गॅस्केट किट ४,५००, हेडचं फेसिंग (घासून सपाट करणं) आणि व्हॉल्व्हचं काम ६,५००, रेडिएटर ५,८००, वॉटर पंप २,९००, थर्मोस्टॅट १,१००, कूलंट, ऑइल आणि फिल्टर मिळून ४,७००, हेड बोल्ट १,५००, मजुरी १४,०००. एकूण ४१,०००. टोचनचे ६,५०० वेगळे, त्याची पावती वेगळी. त्याच वेळी ब्रेक पॅड आणि वायपरही बदलले, पण त्यांचं बिल स्वतंत्र करून घेतलं आणि ते मागितलं नाही. सात वर्षांच्या गाडीचे ब्रेक पॅड, क्लच प्लेट, टायर, बॅटरी झिजणारच. ते डीलरच्या माथी मारणं मला पटत नाही, आणि दाव्यात घुसवलं तर खऱ्या मागणीवरही संशय येतो.

डीलरचे मुद्दे काय होते तेही सांगते, कारण बहुतेक ठिकाणी हेच ऐकायला मिळतील. पहिला, बिलाच्या तळाशी छापलेलं 'जशी आहे तशी'. दुसरा, तुम्ही टेस्ट ड्राइव्ह घेतली, समाधान झालं म्हणून सही केली. तिसरा, गाडी तापल्यावर तुम्ही तशीच पळवली, म्हणून हेड वाकलं.

तिसऱ्याचं उत्तर फास्टॅगने दिलं. खेड शिवापूरच्या टोलचा मेसेज आणि टोचनवाल्याच्या पावतीवरची वेळ यांच्यामध्ये सरळ खंबाटकी गाठून मदत बोलावण्याइतकाच वेळ होता. तापलेली गाडी दामटत नेली म्हणायला त्यात जागाच नव्हती. दिवा लागल्याचा फोटो मी जागेवरच काढला होता.

पहिल्या दोन मुद्द्यांना कायद्यात उत्तर आहे. वस्तू विक्री अधिनियम, १९३० मध्ये खरेदीदाराने डोळे उघडे ठेवून वस्तू घ्यावी हे तत्त्व आहेच, कलम १६ तेच सांगतं. पण त्याच कलमातले अपवाद पाहा. तशाच वस्तूंचा धंदा करणाऱ्याकडून वर्णनावरून वस्तू घेतली तर ती विकण्यालायक दर्जाची असावी लागते, आणि खरेदीदाराने वस्तू तपासली असेल तर फक्त त्या तपासणीत दिसायला हवे होते तेवढेच दोष त्याच्या अंगावर येतात. सिलिंडरच्या मधली जळलेली पट्टी टेस्ट ड्राइव्हमध्ये कुणाला दिसेल? त्यातून वर गळती थांबवणारी पावडर टाकलेली. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ याहून स्पष्ट आहे. वस्तूच्या दर्जाबद्दल खोटं सांगणं त्याच्या कलम २(४७) प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथेत मोडतं. 'जशी आहे तशी' असं बिलावर छापायचं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर 'एक रुपयाचं काम नाही' म्हणायचं, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला एकाच वेळी वापरता येऊ नयेत, हा माझा मुद्दा होता आणि तो मी शेवटपर्यंत धरून ठेवला.

मधल्या काळात डीलरने एक देकार दिला. दहा हजारांची 'फ्री सर्व्हिस' घ्या आणि पूर्ण समाधान झाल्याच्या पत्रावर सही करा. त्या पत्रात 'यापुढे कोणतीही तक्रार राहणार नाही' असं वाक्य होतं. मी नाही म्हटलं. तुमच्यापुढे असं पत्र आलं तर पैसे खात्यात पडेपर्यंत सही करू नका, आणि 'सर्व्हिस', 'कूपन', 'पुढच्या गाडीवर सूट' असल्या गोष्टींना पैसे समजू नका.

तक्रारीची पहिली पायरी म्हणून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन केला. मराठीत बोलता येतं, तक्रार नोंदवून क्रमांक मिळतो आणि ती समोरच्याकडे पाठवली जाते. हेल्पलाइन म्हणजे न्यायालय नव्हे, ती डीलरला पैसे द्यायला भाग पाडू शकत नाही, एवढं ध्यानात ठेवूनच तिच्याकडे जावं. मला तिचा फायदा वेगळ्याच प्रकारे झाला. तोवर सगळं फोनवर बोलणाऱ्या डीलरने तिथे पहिल्यांदा लेखी उत्तर दिलं, आणि त्या उत्तरात गाडी आपण तपासून विकल्याचं स्वतःच कबूल केलं.

नंतर मी नोटीस स्वतः मराठीत लिहिली. आयोगात जाण्याआधी वकिलाचीच नोटीस हवी असं बंधन नाही. दोन पानं, तारीखवार हकिगत, रक्कम, पंधरा दिवसांची मुदत. नोटीस कुणाच्या नावाने काढायची यावर मात्र डोकं लावावं लागलं. दुकानाच्या बोर्डावर एक नाव, बिलावर दुसरं. बिलावरचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की मालकाचं किंवा फर्मचं कायदेशीर नाव आणि नोंदणीचा पत्ता दिसतो. तक्रार त्याच नावाने करावी, बोर्डाच्या नावाने नव्हे. बोर्ड रातोरात बदलतात आणि मग हातात आदेश असूनही वसुली कुणाकडून करायची हा प्रश्न उरतो.

डीलरची आणखी एक नोंद तपासण्यासारखी आहे, आणि ती बऱ्याच जणांना ठाऊक नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल होऊन १ एप्रिल २०२३ पासून जुन्या, म्हणजे आधीच नोंदणी झालेल्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्या डीलरला परिवहन खात्याकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं. गाडी मालकाकडून डीलरच्या ताब्यात गेल्याची नोंदही ऑनलाइन करायची असते. ही नोंद असेल तर गाडी डीलरकडे नेमकी कधी आली हे सांगता येतं आणि 'आम्ही फक्त मधले, गाडी मूळ मालकाची' ही पळवाट बंद होते. गाडी बघायला जाल तेव्हा अधिकारपत्र दाखवा म्हणा. टाळाटाळ झाली तर तिथला सौदा मी तरी करणार नाही.

नोटिशीला उत्तर आलं नाही, मग आयोग. ही यंत्रणा सामान्य माणसासाठी किती सोयीची केली आहे हे मला स्वतः दाखल करेपर्यंत कळलं नव्हतं. तक्रार कुठे करायची? २०१९ च्या कायद्यातल्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या जिल्हा आयोगातही करता येते. डीलर पुण्याचा म्हणून पुण्याला खेटे घालायची गरज नव्हती. शिक्षकाच्या रजा लक्षात घेतल्या तर एवढ्या एका तरतुदीवर सगळं प्रकरण टिकून होतं. फी किती? वस्तूसाठी मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शून्य. इथे दाव्याची रक्कम बघत नाहीत, गाडीला दिलेली किंमत बघतात, म्हणून ३,८५,००० च्या गाडीला फी लागली नाही. पाच ते दहा लाखांच्या गाडीला २०० रुपये, दहा ते वीस लाखांना ४००, वीस ते पन्नास लाखांना १,०००. पन्नास लाखांपर्यंत जिल्हा आयोग, त्यापुढे राज्य आयोग. आणि मुदत, कारण घडल्यापासून दोन वर्षं.

तक्रार ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन दाखल केली. हे पोर्टल जानेवारी २०२५ पासून सुरू आहे, त्याआधी ई-दाखिल होतं. तक्रारीचा मजकूर, शपथपत्र, दस्तऐवजांची क्रमवार यादी आणि प्रत्येक कागदावर पान क्रमांक. मी यादीत हे लावलं: बिल, तपासणीचा तक्ता, व्हॉट्सअ‍ॅपचे प्रिंट, डिलिव्हरीचा कागद, टोलचा मेसेज, टोचनची पावती, ईमेल आणि स्पीड पोस्टाच्या पोचा, दोन्ही मिस्त्रींचे अहवाल, सर्व्हिस सेंटरची नोंद, गॅरेजचं बिल, नोटीस. व्हॉट्सअ‍ॅपबद्दल एक सूचना. मूळ चॅट फोनमधून पुसू नका आणि फोन बदलला तर जुना जपून ठेवा. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र मागितलं जाऊ शकतं, पूर्वी ज्याला जुन्या कायद्यातल्या कलमावरून सगळे '६५-बी' म्हणायचे ते.

मागणीत दुरुस्ती आणि टोचनचे ४७,५००, मानसिक त्रासापोटी २५,००० आणि तक्रार खर्चाचे १०,००० लिहिले. गाडी परत घ्या अशी मागणी केली नाही. दुरुस्तीनंतर गाडी चांगली चालत होती आणि मला ती हवी होती. काय हवं ते आधीच पक्कं असलं की पुढची बोलणी सोपी जातात.

आयोगाची नोटीस मिळाल्यावर सामनेवाल्याला, म्हणजे इथे डीलरला, लेखी म्हणणं द्यायला तीस दिवस मिळतात, आयोग आणखी पंधरा देऊ शकतो, त्यापुढे नाही. ही मुदत सक्तीची असल्याचं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये आधीच्या, १९८६ च्या कायद्याखालच्या प्रकरणात स्पष्ट केलं आणि नव्या कायद्यातही तीच मुदत आहे. आमच्या डीलरने वेळेत म्हणणं दिलं. त्यात त्यांनी 'आम्ही तज्ज्ञांकडून तपासणी करून वाहन विकले' असं ठामपणे लिहिलं आणि तोच 'ओके ओके'चा तक्ता पुराव्यादाखल जोडला. मी माझ्या प्रत्युत्तरात त्याच्याशेजारी सर्व्हिस सेंटरची नोंद ठेवली, बाकी काही लिहायची गरज पडली नाही.

आयोगाने दोन्ही बाजूंना मध्यस्थीबद्दल विचारलं. कलम ३७ मध्ये तशी सोय आहे, दोघांनीही लेखी संमती द्यावी लागते. काही जणांनी मला सांगितलं होतं की मध्यस्थीला गेलात म्हणजे कमीपणा घेतलात, निकालच घ्या. माझं मत उलट आहे. कायद्यात शक्यतो तीन महिन्यांत, आणि वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल अपेक्षित असला तरी प्रकरणं त्याहून लांबतात, आणि निकालानंतर राज्य आयोगात अपील होऊ शकतं. पंचेचाळीस-पन्नास हजारांसाठी तेवढं थांबण्यापेक्षा कागद भक्कम असताना समोरासमोर बसणं मला शहाणपणाचं वाटलं.

मध्यस्थ बाईंनी आधी दोघांचं वेगवेगळं ऐकलं. डीलरच्या वकिलांनी सुरुवात निम्म्यापासून केली, "मॅडम, गाडी जुनी आहे, थोडं तुम्ही सोसा, थोडं आम्ही." मी विचारलं की निम्मं कशाचं? रेडिएटरमध्ये पावडर निम्मी माझी होती का? तेव्हाच ते खोकं टेबलावर उघडलं. वकिलांनी थर्मोस्टॅट हातात घेऊन गोळा नखाने खरवडून पाहिला, मग बाहेर जाऊन अशिलाशी बराच वेळ फोनवर बोलले. परत आले ते दुरुस्तीच्या पूर्ण बिलाला तयार होऊन. टोचनवर अडले. तिथे मी निम्म्याला हो म्हटलं, म्हणजे ३,२५०. मानसिक त्रास आणि तक्रार खर्च सोडून दिला. एकूण ४४,२५०. नुकसानभरपाई सोडायला नको होती असं घरी काहींना वाटलं. मला मात्र केलेल्या खर्चाचे पैसे नक्की आणि लवकर मिळणं जास्त मोलाचं होतं.

तडजोडीच्या मसुद्यात मी तीन गोष्टी आग्रहाने घालून घेतल्या. रक्कम एनईएफटीने माझ्या खात्यात, चेक नको. मुदत पंधरा दिवस. चुकल्यास तक्रार दाखल केल्याच्या तारखेपासून नऊ टक्के व्याज. असा तडजोडनामा आयोगाकडे गेला की आयोग त्याप्रमाणे आदेश काढतो, आणि तो आदेश झाला म्हणजे मग डीलरच्या मर्जीचा प्रश्न राहत नाही. पाळला नाही तर कलम ७१ प्रमाणे दिवाणी हुकूमनाम्यासारखी वसुली आणि कलम ७२ प्रमाणे एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा पंचवीस हजारांपासून एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. खासगीत कागदावर केलेल्या समझोत्याला हे पाठबळ नसतं. म्हणून तक्रार मागे घ्या, मग पैसे देतो, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. आमचे पैसे मुदतीत आले.

डीलरला मी पाचपैकी एक गुण देते, तोही वेळेत पैसे भरल्याबद्दल. गॅरेजला पाच. अशा मिस्त्रीचं बिल दोन-तीन हजारांनी जास्त असलं तरी घासाघीस करू नका. आयोगातल्या मध्यस्थीला साडेचार. मध्यस्थ बाईंनी वकिलांना आणि मला सारख्याच शांतपणे ऐकलं, एकदाही 'मॅडम, कशाला ताणता' म्हणाल्या नाहीत. हेल्पलाइनला चार.

ज्यांच्यासाठी ही वाट नाही त्यांच्याबद्दलही लिहायला हवं. ऑनलाइन जाहिरात बघून थेट एखाद्या मालकाकडून गाडी घेतली असेल, म्हणजे विकणारा धंदा करणारा नसेल, तर ग्राहक आयोगात सहसा जाता येत नाही, दिवाणी न्यायालय गाठावं लागतं. गाडी भाड्याने फिरवायला किंवा पुन्हा विकायला घेतली असेल तर व्यापारी कारणाचा आक्षेप येतो. स्वतः चालवून त्यावरच पोट भरणाऱ्याला मात्र कायद्याने सूट दिली आहे. आणि दुरुस्ती आधीच उरकून जुने भाग टाकून दिले असतील तरी लगेच हार मानू नका. सर्व्हिस सेंटरची जुनी नोंद आणि डीलरचं लेखी आश्वासन हातात असेल, दोन वर्षं उलटली नसतील, तर तेवढ्यावरही तक्रार उभी राहू शकते. तक्रारीचा माझा मसुदा कुणाला नमुना म्हणून हवा असेल तर गाडीचा नंबर आणि नावं काढून द्यायला माझी काही हरकत नाही.